मॅडमचा गार पट्टा

मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या. घरची बाई "बसा ना, बसा ना" म्हणत मागे, आणि मॅडम फ्रिजच्या अंगाला कान लावून उभ्या. थोडा वेळ ऐकायच्या, मागच्या बाजूला हात घालून बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "दम लागलाय याला. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. गरम हवा जाणार कुठे?" मग दार उघडून आतली गर्दी बघायच्या आणि म्हणायच्या, "फ्रिज म्हणजे कपाट नव्हे, ताई." चहा आला की पर्समधून थर्मामीटर काढून कपात बुडवायच्या, वाचायच्या, रुमालाने पुसून परत ठेवायच्या आणि मगच पहिला घोट घ्यायच्या. माझ्या नात्यातल्या एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या आईसमोर मठ्ठ्यात थर्मामीटर घातला होता. त्या घराशी आमचे संबंध नंतर जेमतेमच राहिले.

आम्ही दोघी जळगावच्या एका आयटीआयमध्ये शिकवायचो. त्या फ्रिज-एसी दुरुस्तीच्या ट्रेडला, मी शिवणकामाच्या. त्यांच्या वर्गात सगळी मुलं, माझ्या वर्गात सगळ्या मुली, आणि मध्ये एक व्हरांडा. मला त्या नावाने कधी हाक मारत नसत. "शिवणबाई" म्हणत. मी त्यांना मॅडम म्हणे, कारण सगळेच म्हणत.

नवीन मुलं आली की पहिल्या तासाला त्या प्रत्येकाच्या मुठीत बर्फाचा खडा द्यायच्या आणि विचारायच्या, "थंडी कुठून आली?" पोरं म्हणत, "बर्फातून." "चूक. थंडी कुठूनच येत नसते. थंडी नावाची वस्तूच जगात नाही. तुझ्या हातातली उष्णता निघून चाललीय, एवढंच. आपला धंदा गार करण्याचा नाही रे, उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकण्याचा आहे. कुठे टाकायची ते ज्याला कळलं तो मेकॅनिक." पोरांचे हात बधिर होईपर्यंत हे चालायचं. वर्षानुवर्षं तोच बर्फ, तोच प्रश्न. दाराआडून ऐकून ऐकून माझ्या मुलींनाही उत्तर पाठ झालं होतं.

आमची खरी ओळख मात्र एका मीटिंगमध्ये झाली. डिसेंबर होता. खानदेशात उन्हाळ्याचं सगळे सांगतात, पण आमचा हिवाळाही हाडात शिरतो. प्राचार्यांच्या खोलीत सगळे स्वेटर-मफलर गुंडाळून बसले होते. मॅडम मध्येच उठल्या आणि पंखा पाचवर लावला. टेबलावरचे कागद उडाले. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, अहो, थंडी आहे."

मॅडम उभ्याच होत्या. चेहरा लालबुंद, कपाळावरून घाम. शांतपणे म्हणाल्या, "सर, माझी पाळी जायला आलीय. अंगातून वाफा येतात. आत्ता एक आलीय. पंखा चालत नसेल तर मी बाहेर बसते, तुम्ही खिडकीतून बोला."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. प्राचार्य पंख्याकडे बघत उडालेले कागद गोळा करू लागले. तेव्हा मॅडमनी आपली खुर्ची उचलली, व्हरांड्यात खिडकीशी मांडली, पदर ढिला केला आणि गजातून आत तोंड करून म्हणाल्या, "हं, वर्कशॉपच्या वायरिंगचा मुद्दा चालला होता."

मला त्या वेळी तेच होत होतं. भर वर्गात मानेपासून आग उठायची, ब्लाउज भिजायचा, छाती धडधडायची आणि मागाहून हुडहुडी भरायची. मी कुणी विचारलं की पित्त म्हणून सांगायची. त्या दिवशी मीही माझी खुर्ची उचलली आणि बाहेर त्यांच्याशेजारी नेऊन ठेवली. मॅडमनी माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हालाही?" मी मान हलवली. "मग पित्त पित्त काय लावलंय इतके दिवस?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीतून वायरिंगवर बोलू लागल्या.

मॅडमचं म्हणणं असं, की आपल्या शरीरात काही जळत नाही. कॉम्प्रेसर ठीक आहे, वायरिंग ठीक आहे, फक्त थर्मोस्टॅट बिघडलाय. त्याला उगाच वाटतं की आत आग लागली, आणि मग तो घामाचे सगळे नळ सोडून देतो. "त्याला फसवायचं," त्या म्हणाल्या. "वाफ यायला लागली की मानेवर गार काहीतरी ठेवायचं. त्याला वाटेल, आग विझली."

पाण्याच्या छोट्या डिस्पेन्सरमध्ये बिस्किटाएवढी एक चकती असते. वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. एक मोडका डिस्पेन्सर फोडून त्यांनी ती काढली, गरम बाजूला ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा तुकडा आणि बोटभर पंखा बसवला, बॅटरी जोडली आणि सगळं माझ्या टेबलावर आणून ओतलं. "याला कपडे शिवा," म्हणाल्या. मी शर्टाच्या कॉलरसारखा एक पट्टा शिवला. चकतीची गार बाजू मानेला टेकेल, बॅटरी खांद्याखाली खिशात बसेल आणि बटण गळ्याशी हाताला लागेल असा. पहिल्यांदा मॅडमनी घातला. वाफ येईपर्यंत आम्ही दोघी पाहुण्याची वाट बघावी तशा बसून राहिलो. आली तेव्हा त्यांनी बटण दाबलं, डोळे मिटले आणि काही वेळाने उघडले. कपाळ कोरडं होतं. म्हणाल्या, "घाला तुम्ही आता."

मी घातला. मानेवर गार बोट ठेवल्यासारखं झालं आणि वर चढू लागलेली आग गळ्याशीच थबकली. मला खरोखर नाचावंसं वाटलं. मी म्हणाले, मॅडम, झालं की काम. त्यांनी माझ्याकडे फार निराशेने पाहिलं. "दोन बायकांना बरं वाटलं म्हणजे काय सिद्ध झालं? आपण दोघी मैत्रिणी आहोत, एवढंच."

त्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षेच्या कामाला आम्ही एसटीने धुळ्याला निघालो होतो. बसमध्ये कंडक्टर बाई होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, खाकी शर्ट नीट इस्त्रीचा. एरंडोल सोडलं आणि तिकिटं देता देता त्या एकदम थांबल्या. चेहरा तांबडा झाला, घाम कानांमागून ओघळला, आणि त्या मशीन हातात धरून तशाच पायरीवर बसल्या. मागून एकजण ओरडला, "ओ बाई, सुट्टे द्या की, झोपता काय?"

मॅडम उठल्या, त्या माणसाला म्हणाल्या, "तुमचे सुट्टे धुळ्यापर्यंत मिळतील, गप्प बसा," आणि कंडक्टर बाईंजवळ जाऊन वाकल्या. हळू आवाजात काहीतरी विचारलं. त्या बाई चकित होऊन बघू लागल्या.

"तुमले कसं समजनं?"

"मला पण होतं. हिला पण होतं," मॅडम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"माय वं," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, माले एकलीलेच व्हस."

मॅडमनी गळ्यातला पट्टा सोडवून त्यांच्या मानेवर बांधला आणि बटण दाबलं. त्या बाई आधी दचकल्या, मग त्यांचे खांदे खाली आले. पारोळ्यापर्यंत त्या आमच्याजवळ बसून बोलत राहिल्या. घरी नवरा आणि मुलगा नोकरी सोड म्हणून मागे लागले होते. डेपोत अर्ज करून टेबलावरचं काम मागावं, असंही त्यांच्या मनात होतं. "पन रस्तावर माले बठ्ठा लोके वळखतस," त्या म्हणाल्या. "टेबलवर मी कोन?" धुळ्याला उतरताना पट्टा त्यांच्याच गळ्यात राहिला. मॅडम म्हणाल्या, "वापरा आणि खरं सांगा. बरं वाटत नसेल तर तेही सांगा."

मार्चअखेरपर्यंत सगळं छान चाललं. त्या बाई आठवड्यातून एकदा जळगाव स्टँडवर आम्हाला भेटत आणि हसत सांगत, आज दोनदा आली आन दोनदा परत धाडली. मग ऊन चढलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी स्टँडवर त्या भेटल्या तेव्हा मानेवर ओला रुमाल होता. रुमाल उचलून त्यांनी दाखवलं. खाली चकतीच्या आकाराचा फोड होता. पारोळ्याच्या अलीकडे वाफ आली, बटण दाबलं, आणि गार व्हायच्या ऐवजी पट्टा तापतच गेला. बसमधली हवाच इतकी गरम की गरम बाजूची उष्णता जायला जागाच नव्हती. ती उलटी फिरून मानेवर आली. त्या बाईंनी पट्टा काढून पिशवीत टाकला आणि ड्यूटी पूर्ण केली होती.

मॅडमनी तो पट्टा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी मलम घेऊन आम्ही धुळ्याला त्यांच्या घरी गेलो. नवरा ओसरीवरच होता. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला प्रयोगाला आमच्याच घरचं माणूस सापडलं का?"

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "उष्णता कुठे टाकायची हे मी पोरांना शिकवते आणि स्वतः विसरले." मग त्या बाईंपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. मी त्यांना हात जोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या बाईंनी त्यांचे हात धरून खाली केले. "चटका लागना ते लागना, अक्का. भाकरी करताना रोज लागस, तव्हय काय मी भाकरी करानं सोडस का?" नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पानी लया." आणि तो आत गेल्यावर मॅडमना विचारलं, "दुसरा पट्टा कव्हय लयशात, ते सांगा."

परतीच्या बसला ड्रायव्हरच्या खिडकीशी पाण्याचा कॅन लटकत होता. त्याच्याभोवती ओलं गोणपाट शिवलेलं. खानदेशातल्या कुठल्याही गाडीला दिसतो तसाच. बस सुटायला वेळ होता. मॅडम त्याकडे बघत उभ्या राहिल्या, ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, घोटभर देता का?" आणि पेल्यात थर्मामीटर घातला. वाचला. बाहेरच्या वाऱ्याची झळ तोंडावर लागत होती आणि पेल्यातलं पाणी माठातल्यासारखं होतं.

"शिवणबाई," त्या म्हणाल्या, "आपल्याकडची हवा गरम आहे, पण कोरडी आहे. ओल्या कापडातून ती पाणी ओढते, पाण्याबरोबर उष्णता नेते. आपण गरम बाजूला नुसती हवा देत होतो. तिला पाणी द्यायला पाहिजे."

त्यानंतरचं काम माझं होतं, आणि ते करताना मला जेवढी मजा आली तेवढी आयुष्यात कुठलाही लग्नाचा ब्लाउज शिवताना आली नव्हती. टर्किशचा टॉवेल लावला तर पाणी गळून पाठ भिजे. मलमल लवकर वाळे. शेवटी मांजरपाटाचा दुहेरी पडदा केला आणि त्यात स्टोव्हच्या वाती शिवल्या. वातींची टोकं खांद्याजवळच्या छोट्या बाटलीत. वात जशी रॉकेल ओढते तशी ती पाणी ओढू लागली, थेंब न गळता. मानेकडची बाजू कोरडी, बाहेरची ओली. मॅडमनी आत इस्त्रीत असते तशी एक कळ बसवली. चकती जरा जास्त तापली की वीज आपोआप बंद.

मग त्यांनी तो पट्टा गळ्यात घातला आणि भर दुपारी वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्या. सुट्टीचे दिवस होते, तरी प्राचार्य काही कामाने आले होते. शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, इथे कशाला? माझ्या खोलीत एसी आहे."

"म्हणूनच इथे," मॅडम म्हणाल्या. "बसमध्ये एसी नसतो, केळीच्या बागेत नसतो, चुलीपुढे नसतो. दार लावून घ्या जाताना."

कितीतरी दुपारी त्या तशा बसल्या. कातडीवर साधा डागसुद्धा उठला नाही, तेव्हाच त्यांनी तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं कबूल केलं. तेही धुळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंना मध्ये घेऊन. या डॉक्टर बायकांच्याच आजारांच्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी प्रत्येक बाईला आधी तपासायचं ठरवलं. आणि मॅडमनी आपल्याकडून एक अट घातली. अर्धे पट्टे खोटे हवेत. पंखा फिरेल, दिवा लागेल, वात ओली राहील, तिच्यामुळे मानेला जरासं गारही लागेल, पण चकतीला वीज नाही.

मी चिडले. "बायका बिचाऱ्या विश्वासाने घालतील आणि तुम्ही त्यांना खोटा पट्टा देणार?"

"आधी सांगून देणार," त्या म्हणाल्या. "काहींचा खोटा आहे, कुणाचा ते आम्हालाही माहीत नाही, आणि शेवटी सगळ्यांना खरा मिळणार. कबूल असेल तीच घेईल. शिवणबाई, नुसत्या भरवशानेही माणसाला बरं वाटतं. मला भरवसा विकायचा नाहीये."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "हे तुम्ही म्हणाला नसतात तर मी म्हणणार होते."

खऱ्या पट्ट्यांच्या शिवणीत आतल्या बाजूला मी हिरव्या दोऱ्याची गाठ मारली आणि सगळे बंद करून शिवून टाकले. डॉक्टरांनी माझ्या माघारी ते मिसळून वाटले. धुळ्यातल्या नर्सबाई, मुख्याध्यापिका, फैजपूरला केळी भरणाऱ्या बायका, जळगावच्या खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या दोघी, आमची कंडक्टर, आणि मी. प्रत्येकीला दोन डबे आणि भरपूर चिंचोके. वाफ आली, बटण दाबलं आणि उतरली, तर लाल डब्यात चिंचोका. नाही उतरली, तर निळ्या डब्यात. लिहायची कटकट नाही.

फैजपूरला मॅडम बायकांसमोर बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मला धास्ती होती. पण त्यांनी व्हरांड्यातल्या मीटिंगचीच गोष्ट सांगितली. बायका आधी पदराआड हसल्या, मग उघड हसल्या, आणि मग एक म्हातारी उठून म्हणाली, "आमच्या टायमाला असं बोलता आलं असतं, तर मी माझ्या सुनेवर इतकी वर्षं ओरडले नसते." तिची सून शेजारीच बसली होती. तिने पट्टा घेतला.

माझा निळा डबा भरत चालला. मी मॅडमना काही सांगू शकत नव्हते आणि मनात मात्र ठरवून बसले होते, की सगळं फसलं. माझंच शिवण, माझाच पट्टा, आणि मलाच गुण नाही. कंडक्टर बाई त्या दिवसांत भेटायच्या बंद झाल्या, कारण आपसांत बोलायचं नाही असा मॅडमचा हुकूम होता. एकदा स्टँडवर लांबून दिसल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला, तर मॅडमनी मला हाताला धरून पाठमोरं केलं.

उघडायचा दिवस माझ्या शिवणवर्गात ठरला. कापड बेतायच्या लांब टेबलावर पट्टे आणि डबे. बायका भिंतीला धरून बाकांवर. मॅडम टेबलाकडे पाठ करून खिडकीत उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी एकेकीला बोलावून डबे रिकामे केले. ज्यांच्या लाल डब्यातून चिंचोक्यांचा ढीग पडला त्यांचे पट्टे उजवीकडे, ज्यांच्या निळ्यातून पडला त्यांचे डावीकडे. माझा डावीकडे गेला. मग मी कात्री घेतली.

आधी माझाच पट्टा उसवला. हिरवी गाठ नव्हती. माझ्या घशातून इतका मोठा श्वास बाहेर पडला की बायका हसल्या. डावीकडचा दुसरा उसवला, गाठ नाही. तिसरा, नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच तुमच्या नावाने बोटं मोडत होते."

मग उजवीकडे आले. फैजपूरच्या त्या सुनेचा पट्टा उसवला. हिरवी गाठ. नर्सबाईंचा, हिरवी गाठ. भाकरीवाल्या थोरल्या बाईचा उसवला आणि आत काहीच नव्हतं. ती गोंधळली. "पण मला तर बरं वाटलं, खरंच वाटलं."

मॅडम खिडकीतून तिच्याकडे वळल्या. "तुम्ही खरंच बोलताय. वाटतं तसं. म्हणून तर हे सगळं केलं. डॉक्टर, हेही धरा." आणि पुन्हा पाठ फिरवली.

पुढचे सगळे हिरवे निघाले. एकामागून एक. कात्री चालत होती आणि बाकांवरून आवाज वाढत होता, "हिरवी", "हिरवीच", जणू तंबोल्याचे आकडे चाललेत. शेवटचा कंडक्टर बाईंचा राहिला. मी हात पुढे केला तर त्यांनी पट्टा छातीशी धरला.

"हाऊ पट्टा मी देस नही," त्या म्हणाल्या. "उसवाले नको. माले ठाऊक शे यामा काय शे. मनी ड्यूटी शे आते."

डॉक्टर म्हणाल्या, "शिवण थोडीशीच उसवू, लगेच पुन्हा शिवून देऊ." तेव्हा कुठे त्यांनी पट्टा टेबलावर ठेवला, पण एक टोक हातात धरूनच. मी दोन टाके काढले. हिरवी गाठ सगळ्यांना दिसली. मी ते दोन टाके तिथल्या तिथे परत घातले.

डॉक्टर चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "ही फार लहान चाचणी आहे. मोठी करावी लागेल, आमच्या दवाखान्यात, अजून पुष्कळ बायकांवर. पण मॅडम, इकडे बघा आता. पट्टा काम करतोय."

मॅडम वळल्या. दोन्ही ढिगांकडे त्यांनी पाहिलं. मला वाटलं रडतील, किंवा काहीतरी सणसणीत बोलतील. पण त्या म्हणाल्या, "ज्यांचे खोटे निघाले त्यांनी या बाजूला या. मापं घेऊ." आणि त्यांच्याभोवती बायकांचा असा गराडा पडला की त्यांचा फक्त अंबाडा दिसत राहिला.

ती मोठी चाचणी पुढे धुळ्याला झाली आणि तिचाही निकाल तसाच लागला. आता ते पट्टे धुळ्यातला एक बचत गट शिवतो. वातीचं शिवण त्यांना शिकवायला मीच जाते. पण मॅडम म्हटलं की मला पट्टे उसवले त्या दिवसाची दुपारच आठवते. डॉक्टरांबरोबर पुढचं ठरवायला त्यांना धुळ्याला जायचं होतं, म्हणून मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. बस आमच्या कंडक्टर बाईंचीच होती. मॅडम खिडकीशी बसल्या, आणि बस सुटायच्या आतच काचेला डोकं टेकून झोपून गेल्या. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. इतक्या वर्षांत मी त्यांना बसल्या जागी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

बस गच्च भरली होती. खालून मला दिसलं, गर्दीतून पुढे येता येता कंडक्टर बाईंचा चेहरा लाल होऊ लागला. त्यांनी गळ्याशी हात नेला, बटण दाबलं आणि दांडीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. लाली उतरली. त्या बसल्या नाहीत. मॅडमच्या सीटजवळ दोन माणसं जागेवरून भांडत होती. त्यांना त्यांनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, मॅडमचा घसरलेला चष्मा अलगद काढून त्यांच्या पर्समध्ये ठेवला, आणि दोरी ओढून डबल बेल दिली.